बडबडीचं मनगट

१७ जानेवारी, मंगळवार

आज भर कोर्टात हशा! न्यायाधीशांनी विचारलं, "तुम्ही त्याला पाहिलंत का?" आणि माझ्या हातांनी साक्षीदाराला विचारलं, "तुम्ही त्याला ऐकलंत का?" साक्षीदार जन्मापासून बहिरा. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं आणि पोट धरून हसत सुटला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागितली, प्रश्न पुन्हा नीट विचारला, काम पुढे गेलं.

बोलणाऱ्यांची जीभ घसरते. माझं मनगट घसरलं. डोळ्याकडे निघालेलं बोट, कळ आली म्हणून, वाटेत कानाशीच थांबलं.

किती दिवस चालढकल करतेय मी! उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूला, तळहाताच्या जरा खाली, सूज आहे. ताप नाही, लाली नाही. नुसती मऊ, गुबगुबीत सूज. सकाळी उठावं तर अंगठा आणि शेजारची दोन बोटं मुंग्यांनी भरलेली. लिहिताना पेन सुटतं. खुणांची दुभाषी मी — हातच माझं तोंड, हातच माझी रोजीरोटी.

घरी बाबांना कोर्टातला किस्सा सांगितला. बाबाही बहिरेच. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग खुणेने म्हणाले, "म्हणजे आता तू बोबडी झालीस!"

२५ जानेवारी

कोपऱ्यावरचे डॉक्टर: "कामाचा ताण आहे. हाताला पूर्ण विश्रांती द्या." आणि वर एक पट्टा.

जिभेला पूर्ण विश्रांती द्या, असं कुणाला सांगतात का हे?

३ फेब्रुवारी, शुक्रवार

पट्ट्याने काही झालं नाही. आज दुसऱ्या डॉक्टरांनी मनगटात इंजेक्शन दिलं. "सूज जादूसारखी जाईल बघा."

६ फेब्रुवारी

गेली! खरंच जादू! मूठ पूर्ण मिटतेय. आज दिवसभर कॉलेजात खुणांची भाषा शिकवली, संध्याकाळी बाबांशी वाद घातला, तोही दोन्ही हातांनी. वाद मीच जिंकला. बाबा म्हणतात, मिशीत हसत हरणं ही त्यांची कला आहे.

(आमच्यात प्रत्येकाला हाताचं नाव असतं. बाबांचं नाव 'मिशी' — ओठावरून एक बोट फिरवायचं. माझं नाव 'बडबड' — बोटं आणि अंगठा चोचीसारखे उघडायचे, मिटायचे. बारशाचं नाव फक्त कागदावर.)

२२ फेब्रुवारी

जादू संपली. सूज परत आलीय, आणि येताना भावंडं घेऊन आलीय. आता तळहातसुद्धा फुगलाय. चहाचा कप हातातून सुटला. फुटला. बाबांनी तुकडे गोळा केले. मग मला स्टीलच्या पेल्यात चहा दिला.

४ मार्च, शनिवार

हे सगळं आज लिहायलाच हवं, हात दुखला तरी.

मोठ्या दवाखान्यात फक्त हातांचीच डॉक्टर असते, हे मला माहीतच नव्हतं! माझ्याच वयाची असेल. चष्मा सारखा नाकावरून घसरतो आणि ती तो कोपराने वर ढकलते. बाबा खुर्चीत टेकायच्या आत त्यांनी तिचं नाव ठेवलं — 'चष्मा', कोपराने! मला हसू आवरेना. डॉक्टर म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, तुमचं बारसं झालं."

तिने मनगट दाबलं, वळवलं, एकेक बोट सरळ करून पाहिलं. इंजेक्शनचं ऐकून कपाळाला आठी. मग प्रश्नांची सरबत्ती. कधी काटा रुतला? घरात कुणाला क्षय? बागकाम करता? जनावरं पाळलीत? मी आपली नाही, नाही म्हणत होते. आणि इकडे बाबा मला ढोसतायत — काय विचारतेय ती? सांगितलं. तर म्हणाले, "माशांचं सांग तिला. मासे म्हणजे जनावरंच की."

"बाबा, मध्ये मध्ये नको हो."

"काय म्हणतायत ते?" डॉक्टर.

आता दुभाष्याला "काही नाही" म्हणता येत नाही. म्हटलं, "आमच्याकडे माशांची काचेची टाकी आहे, असं म्हणतायत."

तिचा लिहिता हात थांबला.

"टाकी कोण धुतं?"

"बाबांचे गुडघे दुखायला लागल्यापासून मीच."

"हातमोजे घालून?"

"छे!"

"धुताना कधी खरचटलं होतं?"

आणि मला लख्ख आठवलं. टाकीतल्या खोट्या गुहेचा दगड मनगटाला घासला होता. थंडी सुरू व्हायच्याही आधी. बारीकशी लाल गाठ आली, महिनाभर रेंगाळली, मग गेली. त्यावर कोण विचार करतंय?

चष्मा डॉक्टरने चष्मा वर ढकलला — कोपराने! — आणि कागदावर हात काढून दाखवला. बोटं वाकवणाऱ्या दोऱ्या म्हणजे कंडरा. त्या मनगटातून जातात, नेफ्यातून नाडी जावी तशा. नेफ्याला आतून एक पातळ अस्तर असतं. ते थोडंसं तेलकट पाणी सोडतं, म्हणून नाडी अडकत नाही. "त्या अस्तरात जंतू शिरला की अस्तर सुजतं. नेफा तेवढाच, आत गर्दी. मग बोटांकडे जाणारी नस चेंगरते. तुमच्या मुंग्या त्या."

"पण मला ताप नाही."

"हाच जर दुसऱ्या जातीचा जंतू असता, तर तुम्ही अशा चालत आला नसता. ताप, ठणका, पू, बोट सरळच होत नाही — मी त्याच दिवशी टेबलावर घेतलं असतं. तुमचा, मला वाटतं, पाण्यातला आहे. क्षयाच्या जंतूचा लांबचा भाऊ. आळशी. पाहुणा म्हणून येतो आणि हळूहळू सगळं घर बळकावतो. त्या इंजेक्शनने सूज गेली खरी, पण शरीराचे पहारेकरीही झोपी गेले. त्याला आयतं रान मिळालं."

खात्री मात्र आतलं अस्तर काढून तपासल्याशिवाय नाही. म्हणजे ऑपरेशन. आणि मग हळू आवाजात म्हणाली, जंतू जर सांध्याच्या अस्तरात उतरला असेल, तर तो हाडांवरची गुळगुळीत गादी खायला लागतो. मग मनगट आखडतं. कायमचं.

मी बाबांना सांगितलं, "थोडं साफ करावं लागेल म्हणतेय."

बाबांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "तिचं तोंड इतका वेळ हललं, आणि तू एवढंसंच सांगितलंस?"

सांगितलं मग सगळं. स्वतःच्या मनगटाची बातमी, त्याच दुखऱ्या मनगटाने.

बाबांनी माझा हात हातात घेतला. आमच्या भाषेत दुसऱ्याचा हात धरणं म्हणजे त्याचं तोंड दाबणं. बाबा असं कधीही करत नाहीत. आज धरून बसले.

५ मार्च

सकाळी उठून पाहते तर बाबा टाकीसमोर उभे. माशांना रागावतायत! दोन्ही हातांनी, भुवया ताणून, व्यवस्थित खुणा करून. "लाज नाही वाटत? तिने तुमची घाण काढली आणि तुम्ही तिलाच—" सगळ्यात जाडा पिवळा मासा काचेला तोंड लावून उघडझाप करत होता. मला वाटतं, माफी मागत होता.

बाबा म्हणतात, मासे देऊन टाकू. मी म्हटलं, अजिबात नाही. आई गेल्यावर बाबा महिनोन्‌महिने त्या टाकीपुढेच बसायचे. "तिथे कुणीच बोलत नाही, मग मी एकटा वेगळा नसतो," म्हणाले होते. ती टाकी मी घरातून जाऊ देईन?

९ मार्च

चष्मा डॉक्टरला फोन केला. मासे ठेवले तर चालतील का? म्हणाली, "ठेवा की! मासे गुन्हेगार नाहीत. कोपरापर्यंत हातमोजे घाला आणि खरचटलेल्या हाताने टाकीला शिवू नका, बस्स." शिवाय हा जंतू एकाकडून दुसऱ्याकडे जात नाही. बाबांना सांगितलं. जीव भांड्यात पडला त्यांचा. माशांचीही माफी मागून आले.

१६ मार्च

डावा हात. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.

ऑपरेशन झालं. मनगटातून तांदूळ निघाले! खरंच!

१९ मार्च, रविवार

आज जरा बरं लिहिता येतंय.

खांद्याजवळ सुई देऊन फक्त हात बधिर केला. मी जागी. मध्ये हिरवा पडदा. पडद्यापलीकडे माझा हात कुणा परक्याचा असल्यासारखा पडलेला. थोड्या वेळाने चष्मा डॉक्टर म्हणाली, "अरे वा! बघायचंय?" आणि छोट्या वाटीत दाखवलं — पांढरे, चकचकीत, शिजलेल्या तांदळाच्या कण्यांसारखे दाणे. कितीतरी! सुजलेल्या अस्तराचे कण गळतात आणि नेफ्यात घोळून घोळून असे गोल होतात म्हणे. जंतू जुना आणि आळशी असला की हे दिसतात. वर्गात पहिला नंबर आल्यासारखा तिचा चेहरा. मी म्हटलं, "डॉक्टर, माझ्या घरी चार माणसं जेवतील एवढं आहे." भूल देणारे डॉक्टर इतके हसले की तिने त्यांना दटावलं.

मग तिने शांतपणे काम केलं. अस्तर सोलून काढत होती. कंडरा एकेक करून मोकळ्या केल्या. शेवटी तिने दिवा जवळ ओढून घेतला. मी विचारलं, "सांधा?"

"थांबा."

ते 'थांबा' जन्मात विसरणार नाही.

मग चष्म्याच्या वरून डोळे दिसले. हसणारे. "दारापर्यंत आला होता. आत नाही गेला."

मला पडद्यामागे रडू फुटलं. डोळे पुसायला हातच नाही — एक बधिर, दुसऱ्याला सलाईन. परिचारिकेने पुसले.

बाहेर बाबा. डॉक्टर गेली आणि तिने स्वतःच खूण केली — अंगठा वर, छातीवर हात. तेवढंच येत होतं तिला. बाबांना तेवढंच पुरलं. त्यांनी तिला कडकडून मिठी मारली. चष्मा पडला.

२३ मार्च

काढलेल्या अस्तराच्या तुकड्यांचा पहिला रिपोर्ट आला. सूक्ष्मदर्शकाखाली क्षयाच्या घराण्यातल्या गाठी दिसल्यात. नेमका जंतू कोण, ते तो प्रयोगशाळेतल्या बशीत वाढला की कळणार. त्याला वाढायला आठवडे लागतात. आळशीच तो! तोवर गोळ्या सुरू — तीन प्रकारच्या. काही महिने घ्यायच्या.

२४ मार्च

आई गं! लघवी केशरी! दचकून किंचाळले. बाबांना ऐकू येत नाही ते बरंच. मग आठवलं, डॉक्टरने सांगितलं होतं — त्यातल्या एका गोळीचा रंग आहे. घाबरायचं नाही.

सांगितलं असलं तरी घाबरतोच माणूस.

२८ मार्च

डाव्या हाताने खुणा करणं म्हणजे तोंडात भलामोठा घास घेऊन बोलणं. आज "भूक लागली" म्हणायला गेले तर बाबांना वाटलं, "भिंत पडली." उठून भिंत बघून आले.

३१ मार्च, शुक्रवार

बाबा आज एका बाईंना घेऊन आले. रोपवाटिका चालवतात. टाकीतल्या पाणवनस्पती बाबा त्यांच्याकडूनच आणतात. बाईही बहिऱ्या. आणि उजवा हात लहानपणापासून लुळा. सगळं आयुष्य एका हाताने बोलल्या — आणि काय बोलतात! एकच हात, पण खांदा बोलतो, हनुवटी बोलते, गाल फुगतात. माझे दोन्ही हात धडधाकट असताना मी कधी इतकी सुंदर बोलले नव्हते.

त्यांच्या हाताचं नाव 'अंकुर' — मुठीतून अंगठा हळूच वर येतो. मी त्यांना मावशी म्हणते. आमच्या भाषेत अहो-जाहो नसतं, ते काम भुवया करतात. मी आदराने भुवया वर केल्या. तर म्हणाल्या, "भुवया खाली घे, मी काही परीक्षा घ्यायला आले नाही."

मग परीक्षाच घेतली! "डाव्या हाताला उजव्याची नक्कल करायला लावू नकोस. त्याला त्याचं बोलू दे." तासभर सराव. बाबा चहा करून देत होते, पुन्हा पुन्हा. कुणी मागितलाही नव्हता.

१५ एप्रिल

डोळ्यांच्या डॉक्टरकडे तपासणी. एका गोळीने क्वचित रंग ओळखण्यात गडबड होते, म्हणून मधूनमधून बघायचं. लाल-हिरव्या ठिपक्यांतले आकडे वाचले. सगळे बरोबर. बाहेर आल्यावर बाबांनी स्वतःचा नवा शर्ट दाखवून विचारलं, "ह्याचा रंग सांग." म्हटलं, "भडक." "पास!" म्हणाले.

नवा शर्ट कशासाठी, ते विचारायचं राहिलं.

२७ एप्रिल, गुरुवार

सापडला! जंतू वाढला! डॉक्टरचाच अंदाज बरोबर — पाण्यातला, माशांच्या टाकीतलाच. फोनवर तिचा आवाज आनंदाने थरथरत होता. प्रयोगशाळेला तिने आधीच बजावून ठेवलं होतं की एक बशी जरा थंड जागी ठेवा. ह्या महाशयांना शरीराच्या आतली ऊब सोसत नाही म्हणून हे हातापायाच्या टोकाशीच राहतात, खोल पोटात जात नाहीत. नेहमीच्या उबेत ठेवली ती बशी कोरीच राहिली. थंड जागेतल्या बशीत उगवला!

तीनपैकी एक गोळी आता बंद. उरलेल्या दोन चालू ठेवायच्या, सगळं शांत झाल्यावरही काही आठवडे. मध्येच सोडल्या तर तो पुन्हा पाय पसरेल.

बाबांना सांगितलं, थंड हवा लागते त्याला. म्हणाले, "श्रीमंत दिसतोय."

९ मे

टाके कधीचेच निघालेत, व्रण गुलाबी. आता खरं काम — बोटांचे व्यायाम. डॉक्टर म्हणते, औषध जंतू मारेल, पण कंडरा आजूबाजूला चिकटून बसल्या तर बोट हलणार नाही. म्हणून त्यांना रोज नेफ्यातून सरकवत राहायचं. आधी बोटं सरळ, मग आकड्यासारखी वाकवायची, मग छपरासारखी आडवी, मग पूर्ण मूठ. पुन्हा सरळ.

बाबांनी बघितलं आणि गोंधळले. आमच्या भाषेत ह्या खुणा एकापाठोपाठ केल्या की वाक्य होतं — "थांब, खुंटी, छप्पर, दगड." दिवसभर मी तेच म्हणतेय! अंकुरमावशी आल्या तेव्हा बाबांनी तक्रार केली, "माझी मुलगी कवी झालीय आणि कविता एकच आहे."

दुखतं. पण हसत दुखतं.

१३ जून, मंगळवार

आज जरा विचित्र वाटलं. व्यायाम आटपून आले तर बाबा घरी नाहीत. पेन्शनच्या कामासाठी बँकेत जायचं होतं. मी दिवस मोकळा ठेवला होता, नेहमीसारखी त्यांच्यासोबत जाऊन बोलायला. दुपारी आले, हातात कामाची पावती. मावशी बरोबर होत्या म्हणे. मोबाइलवर लिहून दाखवलं, बँकेतल्या मुलीने लिहून उत्तर दिलं, झालं काम.

"इतकं सोपं होतं?" मी.

"सोपं नव्हतं. मजा आली." बाबा.

आई गेल्यापासून बँक, दवाखाना, गॅसवाला, सगळीकडे बाबांचा आवाज मी. आज त्या आवाजाशिवाय त्यांचं सगळं पार पडलं. आनंद व्हायला हवा. झालाही. पण मधोमध कुठेतरी टुचकन लागलं खरं.

१४ जून

रात्रभर झोपून विचार केला (म्हणजे झोपलेच). आनंदच जास्त आहे. नक्की.

११ जुलै, मंगळवार

दोन्ही हातांनी!!!

सकाळी डॉक्टरने तपासलं. सूज नाही, मुंग्या नाहीत, मूठ पूर्ण, पकड जवळजवळ डाव्याइतकी. "बोला आता मनसोक्त," म्हणाली. घरी आले. बाबा टाकीत खाणं टाकत होते — कोपरापर्यंत पिवळे हातमोजे घालून! खाणं टाकायला हातमोजे लागत नाहीत हे त्यांना सांगून मी थकलेय. समोर उभी राहिले आणि सुरू झाले. काय काय बोलले देव जाणे. कोर्टातला साक्षीदार, तांदूळ, केशरी लघवी, पडलेली भिंत, सगळं पुन्हा पहिल्यापासून. दोन्ही हात उडतायत, वळतायत, कुठे कळ नाही.

बाबा बघत राहिले. हातमोज्यांतून पाणी ठिबकतंय. मग हातमोजे काढले आणि म्हणाले, "किती बोलतेस!"

ह्याहून मोठी शाबासकी मला कुणी दिलेली नाही.

२० जुलै

पुन्हा कोर्ट. एकही चूक नाही. दमले. खूश.

३ ऑगस्ट

चष्मा डॉक्टर आता दर गुरुवारी आमच्याकडे खुणा शिकायला येते. तिच्याकडे बहिरे रुग्ण येतात, आणि "दुभाषी येईपर्यंत माणूस ताटकळत बसतो, मलाच खुणा यायला हव्यात" म्हणते. मावशी शिकवतात. डॉक्टर फार घाई करते, मावशी टपली मारतात. आज तिला "दुखतं का?" म्हणायचं होतं, ती बाबांना "लग्न करता का?" म्हणाली! मावशी इतक्या हसल्या की खुर्चीवरून घसरल्या. बाबांचे कान लाल. हसत नव्हते एकटे तेच.

२९ ऑगस्ट, मंगळवार

गोळ्या संपल्या! शेवटची गोळी बाबांच्या देखत घेतली. डॉक्टर म्हणाली, वर्षभर अधूनमधून दाखवत राहा. पण तिला वाटतं, गेला तो.

आजच दुसरा फोन. दूरच्या शहरातल्या संस्थेकडून. नव्या दुभाष्यांना शिकवायचं, दोन वर्षं तिथेच राहून. इतकी वर्षं मला हेच हवं होतं. तरी म्हटलं, "नाही जमणार, घरी वडील एकटे असतात." फोन ठेवला.

संध्याकाळी बोलता बोलता बाबांना सांगितलं. वाटलं, डोक्यावरून हात फिरवतील. तर रागावले! असे रागावलेले मी कधी पाहिले नव्हते. खुणा इतक्या जोरात की हातावर हात आपटल्याचा आवाज येत होता. "मला विचारलंस? मी एकटा, असं कुणी सांगितलं तुला? माझ्या नावावर तू 'नाही' म्हणालीस. मी कधी नाही म्हणालो?"

मी म्हटलं, "बाबा, तुमच्यासाठीच—"

त्यांनी डोळे मिटून घेतले. आमच्याकडे ह्याचा अर्थ, बोलणं संपलं.

१ सप्टेंबर

बाबा बोलायला लागले. विषय मात्र तो नाही. संस्थेतून पुन्हा फोन आला — निर्णय ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत कळवला तरी चालेल. मी "बरं" म्हटलं आणि विषय डोक्यातून काढून टाकला.

काढून टाकला म्हणजे, दिवसातून दहा वेळा.

५ ऑक्टोबर, गुरुवार

बाबांनी आज अगदी औपचारिक चेहरा करून विचारलं, "उद्या अकराला मोकळी आहेस? दुभाषी हवी आहे."

"कुठे?"

"नोंदणी कार्यालयात. माझे कागद आहेत."

समजले मी. घर माझ्या नावावर करतायत. हल्ली कपाट आवरत होते, जुने दाखले काढत होते, ते ह्याचसाठी. म्हणजे बाबांनी मनाने म्हातारपण घेतलं तर! ऑगस्टमध्ये मी तसं बोलायला नको होतं. फार वाईट वाटतंय. उद्या तिथे रडायचं नाही. दुभाष्याने रडायचं नसतं.

६ ऑक्टोबर, शुक्रवार

लग्न होतं! बाबांचं! अंकुरमावशींशी!

पायरीवर चष्मा डॉक्टर उभी, साक्षीदार म्हणून, हातात फुलं. बाबांच्या अंगात तो भडक शर्ट. "मी एकटा, असं कुणी सांगितलं तुला?" — ऑगस्टमधल्या त्या प्रश्नाचा अर्थ आज कळला. मला आधी सांगितलं असतं तर मी अश्शी नाचले असते की गुपित गावभर झालं असतं म्हणे.

दुभाष्याने आपलं मत घालायचं नाही. समोरचा 'मी' म्हणाला की आपणही मोठ्याने 'मी'च म्हणायचं. नोंदणी अधिकारी साहेबांनी बाबांना विचारलं, मी दोन्ही हातांनी तो प्रश्न बाबांपर्यंत पोचवला, बाबांचे हात हलले आणि मी म्हणाले, "होय, मी हिचा पत्नी म्हणून स्वीकार करतो." मग मावशींचा एक हात हलला आणि मी म्हणाले, "होय, मी ह्यांचा पती म्हणून स्वीकार करते." दोन्ही वेळा आवाज फुटला.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "बाई, नक्की रडतंय कोण? वर, वधू, की तुम्ही?"

दुभाष्याने खरं तेच सांगायचं. म्हटलं, "तिघंही."